काट्यापुढे बसलेला माणूस

२०२५ सालच्या १ जानेवारीच्या रात्री भोपाळहून बारा बंद मालमोटारी कडक पोलीस-बंदोबस्तात निघाल्या आणि पहाटेच्या सुमारास धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे येऊन पोहोचल्या. युनियन कार्बाइडच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात चाळीस वर्षे पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा त्यांत भरलेला होता. मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फर्मावल्यावरून तो हलविण्यात आला होता. पीथमपूरच्या रहिवाशांनी निदर्शने केली, बाजारपेठ बंद ठेवली. पुढे दहा-दहा टनांच्या तीन फेऱ्यांत, तासाला अनुक्रमे १३५, १८० आणि २७० किलो अशा वेगाने, तो भट्टीत जाळून पाहण्यात आला आणि उरलेला सर्व कचरा जून २०२५ च्या अखेरीस जळून संपला. त्याची राख कोठे पुरावी, हा वाद मात्र त्यानंतरही न्यायालयापुढे गेला.

धार शहराच्या पश्चिमेस, अमझेऱ्याच्या वाटेवर तिरला हे गाव आहे. पीथमपूर धारच्या पूर्वेस, म्हणजे अगदी उलट दिशेस. तथापि जिल्हा एकच; आणि पीथमपूरच्या शेकडो कारखान्यांत पाळीला जाणारी माणसे याच जिल्ह्यातील गावागावांतून येतात. यामुळे भोपाळचे दुखणे हे तिरल्याच्या दृष्टीनेही परक्या गावचे दुखणे उरलेले नाही. कचऱ्यात कोणती द्रव्ये होती, धुराड्यातून काय बाहेर पडले, पाण्यात काय झिरपेल, हे प्रश्न लोकांनी विचारले आणि ते रास्तच होते. पण त्यांच्या इतकाच महत्त्वाचा आणखी एक प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. अशा धोक्याच्या कारखान्यात यंत्रांच्या काट्यांपुढे जो माणूस रात्रभर बसलेला असतो, त्याला नेमके काय दिसते? आणि जे दिसते ते त्याला समजावे, अशी व्यवस्था कोणी केलेली असते काय?

मोठ्या कारखान्याचे, वीजकेंद्राचे किंवा रेल्वेच्या जंक्शनाचे काम ज्या खोलीतून चालते, तिला नियंत्रण कक्ष म्हणतात. कामगार आपले ‘कंट्रोल रूम’ असेच म्हणतात. या खोलीत बसलेल्या माणसाला टाकी दिसत नाही, वायू दिसत नाही, गाडीही पुष्कळदा दिसत नाही. त्याला दिसतो तो टाकीचा काटा, वायूचा आकडा, गाडीचा दिवा. आंधळ्याच्या हाती जशी काठी, तशी त्याच्या हाती ही उपकरणे. काठीने खड्डा आहे तेथे ‘खड्डा नाही’ असे सांगितले, तर पडणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? काठीने खरे सांगितले, पण ज्याला कळावयाचे त्याला कळेल अशा रीतीने सांगितले नाही, तर तीही फसवणूकच होय.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला घडले ते याच जातीचे होते. ई-६१० या क्रमांकाच्या टाकीत सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट साठविलेले होते. तीत पाणी शिरले. ते कसे शिरले याबद्दल कंपनीने एक सांगितले आणि कामगारांनी दुसरे. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. पाण्याची गाठ पडताच ते द्रव्य तापू लागले आणि टाकीतील दाब चढू लागला. रात्री साडेदहाच्या आतबाहेर हा दाब दर चौरस इंचास २ पौंड होता. पावणेअकराला पाळी बदलली. अकराच्या सुमारास नव्या पाळीच्या ऑपरेटरने काटा पाहिला, तेव्हा तो १० वर होता.

येथे क्षणभर थांबावयास हवे. २ पासून २५ पर्यंतचा दाब त्या टाकीस नित्याचा मानला जात असे. म्हणजे २ हा आकडा ठीक आणि १० हाही ठीक. अर्ध्या तासात २ चे १० झाले, ही गोष्ट मात्र मुळीच ठीक नव्हती. परंतु ती सांगणारा काटा त्या फलकावर कोठेच नव्हता. आधीचा आकडा जुन्या पाळीच्या नोंदवहीत राहिला आणि नंतरचा आकडा नव्या पाळीच्या डोळ्यांपुढे आला. दोघांची गाठ घालून देण्याचे काम यंत्राने करावयाचे, की रात्री अकरा वाजता नुकत्याच कामावर आलेल्या माणसाने? आज कोणताही साधा संगणकी पडदा दाबाची चढती रेघ काढून दाखवितो. अशी एक रेघ त्या रात्री असती, तर तो प्रसंग टळला असता असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही; पण तासभर आधी घंटा वाजली असती, एवढे खचित.

तपमानाची कथा याहून विदारक आहे. ते द्रव्य थंड राखण्यासाठी बसविलेली शीतयंत्रणा काही महिन्यांपूर्वी बंद करण्यात आलेली होती. त्यामुळे टाकी नेहमीच ठरलेल्या मर्यादेपेक्षा उबदार असे आणि तपमान वाढल्याचा इशारा निरर्थक होऊन बसला होता. तपमान वहीत टिपून ठेवण्याची रीतही मोडली होती. दाबमापक पुष्कळदा खोटे बोलतात, असा कामगारांचा अनुभव होता. त्यामुळे एखादा काटा वर गेला तर आधी काट्याचाच संशय यावयाचा. ज्या साक्षीदाराने दहा वेळा खोटी साक्ष दिली, तो अकराव्या वेळी खरे बोलला तरी त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?

मग त्या कारखान्यात गळती ओळखीत तरी कशी? डोळ्यांनी, पण ते पाहून नव्हे. डोळ्यांची आग होऊन पाणी येऊ लागले, म्हणजे वायू सुटला असे समजावयाचे. साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. शोध घेता एके ठिकाणी गळती आढळली. तिचा बंदोबस्त चहानंतर करावा असे ठरले. सवाबारा ते पाऊण या वेळात चहा झाला. हे वाचून आज अनेकांच्या अंगावर काटा येतो आणि त्या माणसांना बेपर्वा ठरवून मोकळे होण्याचा मोह होतो. पण डोळ्यांची चुरचूर तेथे नित्याचीच होती, आणि काटा तर मर्यादेत असल्याचे पाहिलेले होते. पाऊण वाजता काटा ४० वर होता. पाहता पाहता तो ५५ वर, मोजपट्टीच्या टोकाला, जाऊन टेकला. टाकीवरच्या सिमेंटच्या थराला तडे जात होते. वायू शोषून घेणारा मनोरा चालू करण्याची खटपट झाली, पण त्यात कॉस्टिक सोडा फिरत आहे असे त्याचा मापक दाखवीना. पंप बंद होता, की मापक बिघडला होता? फलकापुढच्या माणसाला हे कळण्याचा मार्गच नव्हता. वायू जाळून टाकणारी ज्योत नादुरुस्त होती. पाण्याचे फवारे उडविले, ते वायू सुटत होता त्या उंचीपर्यंत पोहोचेनात. बाहेरच्या वस्तीला जागे करणारा मोठा भोंगा वाजला तो थोड्याच वेळात थांबविण्यात आला, आणि पुन्हा वाजू लागला तेव्हा फार उशीर झालेला होता. सरकारने प्रथम २,२५९ मृत्यू नोंदविले. पुढे नुकसानभरपाईच्या कामी तो आकडा पाच हजारांच्या वर गेला. ज्यांच्या शरीरात तो वायू कमीअधिक गेला, त्यांची संख्या पाच लाखांहून अधिक होती.

डोळ्यांवर विसंबण्याची ही रीत किती फसवी होती, ते एका हिशेबावरून ध्यानी येते. कामगाराने आठ तासांच्या पाळीत मिथाइल आयसोसायनेट किती सहन करावे याची मान्य मर्यादा हवेच्या दहा कोटी भागांत दोन भाग इतकी अल्प आहे. मनुष्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागते ते दहा लाखांत दोन भागांना. म्हणजे डोळे रडू लागतात तेव्हा हवा मान्य मर्यादेच्या शंभरपट विषारी झालेली असते! वास तर त्याहूनही उशिरा येतो.

याच्या अगदी उलट व्यवस्था घरोघरच्या स्वयंपाकघरात आहे, आणि ती मुद्दाम केलेली आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. शेगडीच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. त्यात मर्कॅप्टन नावाचे एक दुर्गंधी द्रव्य मिसळतात. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधील न्यू लंडन गावच्या शाळेत गळलेल्या वासहीन गॅसचा स्फोट होऊन सुमारे तीनशे मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले, त्यानंतर तेथे असा वास घालण्याची सक्ती झाली आणि पुढे ती जगभर पसरली. वासाचे प्रमाणही असे राखतात की, स्फोट होण्याइतका गॅस साठण्याच्या कितीतरी आधी, सामान्य नाकाला तो जाणवावा. येथे यंत्राने माणसाकडे येऊन त्याच्या नाकाची शक्ती विचारात घेतली. प्रेशर कुकरचेही तसेच. आतला दाब किती हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक नसते आणि तिला त्याची गरजही पडत नाही. ती बाहेरच्या खोलीत मुलांचा अभ्यास घेत असता शिट्ट्या मोजते. काट्याकडे टक लावून बसण्याचे काम तिला कोणी सांगितलेले नाही.

यंत्र बनवून झाल्यावर त्याला माणूस जुळवून घ्यावयाचा, की माणूस कसा आहे हे पाहून यंत्र बनवावयाचे, असा हा प्रश्न आहे. दुसऱ्या मार्गाला आज मनुष्यकेंद्रित रचना म्हणतात. शास्त्र म्हणून ती वाढली ती दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेच्या ‘बी-१७’ या बाँबफेकी विमानात चाके आत घेण्याची कळ आणि पंखांच्या झडपांची कळ या शेजारी शेजारी व दिसावयास सारख्या होत्या. जमिनीवर सुखरूप उतरलेले वैमानिक झडपा मिटण्याऐवजी चाकेच मिटीत आणि विमान पोटावर आपटे. आधी वैमानिकांना दोष देण्यात आला. अल्फान्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने दोन्ही कळा पाहिल्या आणि एकीच्या टोकाला रबरी चाकाचा व दुसरीच्या टोकाला पाचरीचा आकार बसविण्याची युक्ती काढली. हाताला अंधारातही फरक कळू लागला, आणि वैमानिक एकाएकी ‘सावध’ झाले!

तरीही धडा पुरता शिकला गेला नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रात एक झडप उघडी राहून पाणी वाहून जात होते. परंतु फलकावरचा दिवा ती बंद असल्याचे सुचवीत होता. वस्तुतः तो दिवा झडपेची स्थिती सांगतच नव्हता. झडपेला ‘मिट’ असा विजेचा हुकूम गेला, एवढेच तो सांगत होता. हुकूम गेला आणि हुकूम पाळला गेला यांतले अंतर कोणत्याही कचेरीतल्या कारकुनाला कळते, ते त्या फलकाच्या रचनाकारांना कळले नाही. झडप दोन तासांहून अधिक वेळ उघडी राहिली. पहिल्या काही मिनिटांत शंभरांहून अधिक इशारे एकदम खणखणू लागले आणि ते कागदावर छापणारे यंत्र तर एका वेळी दोन तासांहून अधिक मागे पडले. दुरुस्तीची लोंबती चिठ्ठी एका महत्त्वाच्या दिव्यावर येऊन तो झाकला गेला होता. पंधरा वर्षांनी, २४ जुलै १९९४ रोजी, ब्रिटनमधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला, त्याआधीच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांवर २७५ इशारे कोसळले होते. अशा अनुभवांनंतर १९९९ साली ब्रिटनमध्ये जी मार्गदर्शिका निघाली, तीत नित्याच्या कामात एका माणसाला सरासरी दहा मिनिटांस एक इशारा, इतकेच ओझे झेपते असे धरले आहे. एकदम सगळेच ओरडू लागले म्हणजे कोणाचेच ऐकू येत नाही, हे वर्गात उभा राहणारा कोणीही सांगू शकेल.

माणूस हा या व्यवस्थेतला कच्चा दुवा, एवढेच मात्र यावरून समजू नये. त्याच डिसेंबरच्या रात्री भोपाळ स्थानकावर गुलाम दस्तगीर हे उपस्थानक अधीक्षक कामावर होते. डोळ्यांची आग व गुदमर जाणवताच त्यांनी प्रवाशांनी भरलेली एक एक्स्प्रेस गाडी नियोजित वेळेची वाट न पाहता पुढे सोडून दिली आणि शेजारच्या स्थानकांना कळवून भोपाळकडे येणाऱ्या गाड्या थांबविण्याची खटपट केली. त्यांच्यापाशी कोणतेही नवे उपकरण नव्हते. तारायंत्र-टेलिफोन होते आणि स्वतःच्या बुद्धीने नियम ओलांडण्याचे धैर्य होते. त्या वायूने त्यांचे पुढील सारे आयुष्य आजाराने ग्रासले. रचना चांगली कोणती? तर अशा माणसाला वेळेवर खरे कळेल आणि त्याचा हात मोकळा राहील ती.

रेल्वेच्या जुन्या केबिनीत याचा एक सुंदर नमुना असे. एखाद्या मार्गावर गाडी उभी असली की केबिनमन त्या मार्गाच्या सिग्नलच्या दांड्याला एक लोखंडी कडे अडकवून ठेवी. दुसऱ्या कामाच्या गर्दीत त्याच्या मनातून ती गाडी गेली, तरी दांडा ओढावयास गेलेल्या हाताला कडे लागे आणि आठवण येई. स्मरणशक्ती दगा देते हे गृहीत धरून केलेली ही सोय होती. त्या काळी कडे दांडा घालीत असे; आता ते माणसाच्या मनगटात आले आहे.

अंगावर वागवावयाच्या उपकरणांचा हा प्रकार दिसतो तितका नवा नाही. इस्पितळातील क्ष-किरण विभागात काम करणाऱ्यांच्या छातीवर एक लहानसा बिल्ला लावलेला अनेकांनी पाहिला असेल. पूर्वी त्यात छायाचित्राच्या फिल्मचा तुकडा असे. आता मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या बिल्ल्यात किरणांची नोंद साठविणाऱ्या चकत्या असतात. त्या तापविल्या की जेवढे किरण पडले असतील त्या मानाने चमकतात. हा बिल्ला धारण करणाऱ्याचा मोठा आधार आहे. पण तो बोलतो तीनतीन महिन्यांनी. तो हिशेबनीस आहे, पहारेकरी नव्हे.

पहारेकऱ्याचे काम करतो तो खिशाला किंवा पट्ट्याला अडकविण्याचा वायुशोधक. काही विशिष्ट वायूंचे प्रमाण वाढले किंवा प्राणवायू घटला, की तो कर्कश वाजतो, लुकलुकतो आणि थरथरतो. या तिन्ही गोष्टी एकदम कशासाठी? यंत्रांच्या गदारोळात कान कामास येत नाहीत, डोळे दुसऱ्या कामात गुंतलेले असतात, पण कातडीला थरथर कळते. काही यंत्रे घालणारा माणूस पडून निश्चल झाला, तर तशी वर्दी नियंत्रण कक्षात धाडतात. ज्या कारखान्यात माणसांचे डोळे हाच वायुशोधक होता, त्याच्या मानाने ही प्रगती लहान म्हणता येणार नाही.

नियंत्रण कक्षातल्या माणसाच्या अंगावर मात्र निराळ्याच हेतूने यंत्र चढू लागले आहे. त्याला वायूपासून भय कमी. त्याचा वैरी कंटाळा आणि थकवा. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने महायुद्धातील रडारवाल्यांच्या चुकांचा शोध घेण्यासाठी एक प्रयोग केला आणि तो १९४८ साली प्रसिद्ध केला. एका कोऱ्या तबकडीवर काटा सेकंदासेकंदाला एकेक पाऊल टाकी. क्वचित केव्हातरी तो दोन पावले उडी घेई. एवढीच उडी टिपावयाची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसांच्या नजरेतून उड्या निसटू लागल्या. ती माणसे आळशी नव्हती; माणसाचे लक्ष घडलेलेच तसे आहे. २३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात मनोरा काठोकाठ भरून स्फोट झाला आणि पंधरा माणसे गेली. तेथे ऑपरेटर एकोणतीस दिवस ओळीने बारा-बारा तास काम करीत आले होते. वर गंमत अशी की, मनोऱ्यात येणारा प्रवाह आणि त्यातून जाणारा प्रवाह हे संगणकाच्या निरनिराळ्या पडद्यांवर दाखविलेले होते, आणि आतील पातळीचा मापक तर मनोरा भरत असता पातळी उतरत असल्याचे सांगत होता.

म्हणून आता मनगटावरील पट्ट्याने नाडीचे ठोके व झोपेचे तास मोजावयाचे, चष्म्यावर किंवा पडद्याखाली बसविलेल्या कॅमेऱ्याने नजर कोठे फिरते ते टिपावयाचे, डोक्यावरील पट्ट्याने मेंदूतील विजेच्या लहरी मोजावयाच्या, असे प्रयोग अनेक देशांत चालू आहेत. गांधीनगर व मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थांतील संशोधकांनी रासायनिक कारखान्याचे काम संगणकावर उभे करून, ते हाताळणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला आहे. ज्यांना बिघाड सावरता आला त्यांची नजर नेमक्या आकड्यांवर स्थिरावते आणि ज्यांना तो सावरता येत नाही त्यांची नजर पडदाभर भिरभिरते, असे त्यात दिसून आले. शिक्षणाच्या दृष्टीने हे मोलाचे आहे. शिकाऊ माणसाला ‘तुझे चुकले’ एवढेच सांगण्याऐवजी ‘त्या क्षणी तू येथे पाहत होतास, पाहावयाचे होते ते तेथे’ असे दाखविता येते.

पण यात एक मेख आहे. भिंतीवरचे २७५ इशारे उचलून मनगटावर आणले, तर हिशेब तोच राहतो. फक्त हात थरथरत राहतो. आणि पट्टा कोणाशी बोलतो, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. ‘तू थकला आहेस, पाच मिनिटे ऊठ, शेजाऱ्याला बोलाव’ असे पट्ट्याने घालणाऱ्याच्या कानात सांगितले, तर तो मित्र. तीच गोष्ट त्याने परस्पर वरिष्ठाच्या वहीत टिपली आणि महिनाअखेर पगारात तिचा हिशेब झाला, तर तो चहाडखोर. अशा पट्ट्याला कामगार फसवावयास शिकेल, आणि ते स्वाभाविकच आहे. भारतात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. परंतु नोकरीविषयक काही कारणांसाठी नोकराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची सवड त्याच कायद्याने मालकाला दिलेली आहे. नाडीचे ठोके त्या सवडीत कितपत बसतात, याचा खल कामगार संघटनांनी आताच करणे बरे. पट्टे वाटून झाल्यावर तो करण्यात अर्थ राहणार नाही.

अंगावर घालावयाची वस्तू ज्याच्या अंगावर जावयाची त्याला विचारून केली नाही, तर काय होते, याचा दाखला पुन्हा भोपाळातच आहे. डिसेंबर १९८१ मध्ये तेथील एका कामगाराच्या अंगावर फॉस्जीन हे विषारी द्रव्य उडाले. घाबरून जाऊन त्याने तोंडावरचा मुखवटा ओढून काढला आणि वायू छातीत गेला. काही दिवसांतच तो मरण पावला. मुखवटा होता, तो घातलेलाही होता. भीतीच्या क्षणी माणूस प्रथम काय करील, याचा विचार मात्र मुखवटा देताना झालेला नव्हता. माळव्यातल्या मे महिन्याच्या दुपारी घामाने निथळणाऱ्या माणसाने रबरी मुखवटा, जाड हातमोजे आणि छातीवर दोन यंत्रे घेऊन आठ तास काढावेत, अशी अपेक्षा थंड देशात तयार झालेल्या पुस्तकात लिहिणे सोपे असते. भाषेचेही तसेच आहे. भोपाळच्या कारखान्यातील सूचनापुस्तके इंग्रजीत होती आणि ती पाळावयाची होती हिंदी बोलणाऱ्या कामगारांनी. धार जिल्ह्यातल्या एखाद्या कारखान्याच्या पाळीत माळवी, निमाडी, भिली बोलणारी माणसे एकत्र येतात. जुन्या संस्थानी काळापासून राहिलेली मराठी घरेही आहेत. मनगटावरच्या पडद्यावर चार इंग्रजी अक्षरे चमकली, तर त्यांतल्या कितींना त्यांचा अर्थ लागेल? थरथरीला निदान भाषा नसते, हा तिचा मोठा गुण.

ही यंत्रे चालू स्थितीत आहेत की नाहीत, हे पाहण्याचीही एक साधी रीत आहे. वायुशोधकातील संवेदक कालांतराने वाळतो, निकामी होतो, पण यंत्राचा दिवा पूर्ववत् हिरवाच दिसत राहतो. म्हणून रोज सकाळी कामावर चढण्यापूर्वी त्याला नळीतून थोडासा खरा वायू हुंगवावा आणि ते ओरडते काय हे पाहावे, असे ते बनविणारेच सांगतात. अर्ध्या मिनिटाचे हे काम. ‘यंत्रे आहेत काय’ याऐवजी ‘आज सकाळी ती हुंगवली काय’ असे विचारले, तर कारखान्याची नाडी पुष्कळशी हाती येते. हा प्रश्न तपासनीसाने विचारावा, तसा पाळीला निघालेल्या मुलाला घरच्यांनीही विचारावयास हरकत नाही.

आणि मनगटावरच्या पट्ट्याने ‘हा माणूस थकला आहे’ असे खरेच सांगितले, तर त्याच्या जागी बसावयास दुसरा माणूस पाळीवर हजर हवा. भोपाळच्या त्या विभागात प्रत्येक पाळीला आरंभी बारा माणसे असत. १९८४ च्या अखेरीस ती सहा उरली होती, आणि रात्रपाळीच्या देखभाल-पर्यवेक्षकाची जागा त्या रात्रीपूर्वी थोडेच दिवस अगोदर काढून टाकण्यात आली होती.